आमटीत ती पावडर कालवू का?

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून, थोडं आवरून देते आहे.

"ताई, नमस्कार. आमच्या मालकांचं वय ४२. घरचा ट्रॅक्टर आहे, हंगामात ऊस वाहतूक करतात. आधी गटारीला, जत्रेला घ्यायचे. आता चार वर्षं झाली, रोज लागते. सकाळी हात थरथरतात, घोटभर घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही. थोरला पोरगा नववीत आहे, त्यालाच आणायला पाठवतात. गेल्या श्रावणात त्यांनी स्वतःहून बंद केली होती. दोन दिवस कसेबसे गेले. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालल्यात, वळचणीला माणसं बसलीत म्हणून ओरडायला लागले. अंगाला घामाच्या धारा, मला ओळखेनात. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं आहे. देवऋषी आणला, अंगारा लावला. शेवटी दिरांनी क्वार्टर आणून पाजली तेव्हा निवले. तेव्हापासून बंद करायचं नावच काढत नाहीत.

आता सासूबाईंनी बाजारातून एक पावडर आणली आहे. २,८०० रुपये. डबीवर नाव नाही. ४० दिवस आमटीत नाहीतर चहात कालवायची, पिणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही, मग दारूचा वास आला तरी उलटी होते म्हणे. दीर म्हणतात, त्यापेक्षा एक केंद्र आहे, रात्री गाडी येते, चार पोरं उचलून नेतात, तीन महिने ठेवतात. तुम्ही काय सांगाल? डबी अजून फडताळात आहे.

ता. क. तुम्ही व्यसनावर लिहिता म्हणून सांगते, मी फक्त सकाळी मिस्री लावते. बाकी काही नाही."

ताई,

कालवू नका.

आणि सासूबाईंनी तुमच्या परस्पर एखादा चमचा कालवलेला नाही ना, हे आजच विचारून घ्या. रागावून नको, सहज विचारा. दिली असेल तर डबी फेकू नका, मालकांबरोबर डॉक्टरांकडे न्या. पोटात पावडर असताना दारू घेतली आणि चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडायला लागली, उलट्या झाल्या, डोळ्यापुढे अंधारी आली, तर निवेल म्हणून वाट बघत बसू नका. सरळ दवाखाना गाठा आणि काय दिलं ते लपवू नका.

डबीवर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आत काय आहे हे विकणाऱ्यालाही छातीठोक सांगता येणार नाही. नुसता झाडपाला असेल तर २,८०० रुपये पाण्यात गेले, इतकंच. पण दारू घेतली की उलटी होते, हे वर्णन एका खऱ्या औषधाचं आहे, आणि मला जास्त भीती त्याची वाटते.

त्या औषधाचं नाव डायसल्फिराम. मूळचं हे रबराच्या कारखान्यातलं रसायन. १९३७ साली अमेरिकेतल्या ई. ई. विल्यम्स नावाच्या कारखान्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं की याच घराण्यातल्या रसायनाशी काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते. पुढे कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे संशोधक डायसल्फिराम जंतांवर चालेल का ते बघत होते. त्यांनी गोळ्या आधी स्वतः घेतल्या, आणि नंतर मद्य घेतल्यावर दोघांचीही तब्येत बिघडली. १९४८ साली त्यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये छापलं आणि जंतांचं औषध दारूचं औषध झालं.

ते चालतं असं. दारू पोटात गेली की यकृत तिचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात रूपांतर करतं, मग दुसरं एक एन्झाइम त्या विषाचा निचरा करतं. डायसल्फिराम हे दुसरं एन्झाइम बंद पाडतं. विष साचतं, रक्तदाब कोसळतो, हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंतही हा परिणाम राहू शकतो. म्हणून डॉक्टर ती लिहिण्याआधी यकृत आणि हृदय तपासतात, आणि शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. तुमच्या मालकांचा दिवस घोटानेच सुरू होतो. त्यांना हे १२ तास कुठून मिळणार?

बरं, धोका क्षणभर बाजूला ठेवू. औषधाच्या नुसत्या परिणामाने दारू सुटते की माणसाला ते घेतल्याचं माहीत असावं लागतं, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नऊ रुग्णालयांत ६०५ पुरुषांवर झालेला मोठा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. काहींना डायसल्फिरामची पूर्ण मात्रा, काहींना नावापुरती १ मिलिग्रॅम, काहींना डायसल्फिराम नाहीच, नुसती व्हिटॅमिनची गोळी. वर्षभर दारूपासून पूर्ण लांब राहण्यात या तीन गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. मात्र कुठल्याही गटात जे आपली गोळी नेमाने घेत राहिले, ते जास्त टिकले. २०१४ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं. आपण डायसल्फिराम घेतोय हे माणसाला पक्कं माहीत असतं तिथे फायदा दिसतो. आपल्याला काय दिलंय हे माहीत नसतं तिथे तो दिसत नाही.

थोडा विचार केला तर यात नवल नाही. गोळीचं खरं काम पोटात होत नाही. 'सकाळी गोळी घेतलीय, आता संध्याकाळी परमीट रूमकडे वळून चालणार नाही' या जाणिवेत ते होतं. दिवसभर मोह टाळत बसण्याऐवजी सकाळी एकदाच ठरवून मोकळं व्हायचं. आमटीत कालवलेल्या गोळीत हे ठरवणंच नाही. उरतो फक्त विषारी परिणाम. मालकांना नुसतं कळणार की हल्ली आपल्याला काहीतरी भलतंच होतंय, आणि घाबरून ते आणखी पितील. ज्या दिवशी डबी त्यांच्या हाताला लागेल, त्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेली साधी व्हिटॅमिनची गोळीही तुमच्या हातून घेणार नाहीत.

हेच औषध डॉक्टरांनी तपासून दिलं, मालकांनी कबूल होऊन घेतलं, आणि रोज सकाळी तुमच्या समोर, तुमच्या हातून घेतलं, तर ते चांगलं काम करू शकतं. हा प्रयोग अनेक घरांत यशस्वी झालेला आहे. म्हणजे गोळी तुमच्याच हातात असेल, फक्त लपवलेली नसेल.

आता श्रावणातल्या त्या रात्रीबद्दल. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वात महत्त्वाची ती वाटली.

ते बाहेरचं नव्हतं. त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. दारू मेंदूला सुस्त करते. ब्रेकवर पाय ठेवूनच ट्रॅक्टर ओढायचा म्हटलं तर रेस वाढवावी लागते. रोज पिणाऱ्याचा मेंदू वर्षानुवर्षं हेच करत असतो. दारू अचानक बंद झाली की ब्रेक सुटतो, रेस मात्र तशीच राहते. पहिल्या काही तासांत हात कापतात, घाम येतो, झोप उडते. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना तुमच्या मालकांसारखं होतं. मुंग्या, उंदीर, कोपऱ्यात बसलेली माणसं दिसतात, दिवसरात्रीचं भान जातं, घरची माणसं ओळखू येत नाहीत. यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्या रात्री ते निवले ते अंगाऱ्याने नाहीत. दिरांनी पाजलेल्या क्वार्टरने मेंदूला त्याचा ब्रेक परत मिळाला, म्हणून निवले. दिरांनी वाईट हेतूने पाजली नाही, पण तो उपचार नव्हता.

आणि त्या रात्रीतून मालक काय शिकले? बंद केली की असं होतं, हे. आता ते नाव काढत नाहीत याला तुम्ही हट्ट समजत असाल. मला वाटतं, ते घाबरलेत. स्वतःहून श्रावणात बंद करणाऱ्या माणसाला सोडायचीच नाही असं कोण म्हणेल?

म्हणून आता नीट ऐका. त्यांना घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ नको, बाटली मोरीत ओतणं नको, खोलीला कडी घालणं तर नकोच. बायकोने असं सांगावं हे विचित्र वाटेल, पण दवाखान्याचा दिवस ठरेपर्यंत त्यांची दारू जबरदस्तीने तोडणं धोक्याचं आहे. आपल्याकडे पंढरीची माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. मालकांच्या मनात आलं तर माळ खुशाल घालू दे. पण दवाखान्यातून घरी आल्यावर. आधी नाही.

दवाखान्यात हे सगळं पाच-सात दिवसांत सुखरूप पार पडतं. मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या देतात आणि रोज थोड्या थोड्या कमी करत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. रोज पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो, आणि ते फार कमी झालं तर मेंदूला कायमची इजा होते. आपल्याकडे अशक्त दिसला माणूस की लाव सलाईन, अशी पद्धत आहे. बी-१ न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर ही इजा वाढण्याचा धोका असतो. तेव्हा गावातल्या दवाखान्यात कधी न्यायची वेळ आलीच, तर ताप आहे, चक्कर येते, एवढ्यावर थांबू नका. 'रोज पितात, शेवटची अमुक वाजता घेतली, मागे बंद केली तेव्हा भास झाले होते' ही तीन वाक्यं डॉक्टरांना आधी सांगा. लाजू नका.

दिरांच्या गाडीबद्दल थोडक्यात सांगते. तीन महिने डांबून ठेवणाऱ्या केंद्राच्या वाटेला जाऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजार त्यात धरलेले आहेत. माणसाच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तसं लिहून द्यावं लागतं, त्याला मुदत आहे, आणि केंद्राची नोंदणी हवी. रात्री चार पोरं येऊन उचलतात, यात यातलं काहीच नाही. ज्या केंद्रात डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, पहिले काही आठवडे भेटू देत नाहीत, मारहाणीची कुजबुज आहे, तिथे डिलिरियम झाला तर काय होईल याचा विचार करा. मार खाऊन आलेला माणूस घरी येतो तो चिडून येतो, आणि पहिला राग बायकोवर निघतो.

मग करायचं काय? 'त्याला स्वतःला वाटल्याशिवाय काही होत नाही, तळाला जाऊ दे, मग येईल वर' असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. मी हे वाक्य शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडूनही ऐकते आणि मला त्याचा राग येतो. तळ म्हणजे काय, उसाच्या ट्रॉलीसकट ओढ्यात गेलेला ट्रॅक्टर?

अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मेयर्स आणि विल्यम मिलर यांनी नेमका हाच प्रश्न घेतला. पिणारा उपचाराला नाही म्हणतो, तेव्हा घरचं माणूस काही करू शकतं का? १३० घरच्या माणसांना त्यांनी तीन गटांत वाटलं. एका गटाला अल-अनॉनच्या, म्हणजे व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या मंडळाच्या वाटेने नेलं. दुसऱ्याला सगळ्या घराने एकत्र बसून तोंडावर सुनावण्याची तयारी करून दिली. तिसऱ्याला रोजच्या घरगुती वागण्यात ठरवून बदल करायला शिकवलं. १९९९ साली निकाल छापला गेला. पहिल्या गटातली १३ टक्के, दुसऱ्यातली ३० टक्के आणि तिसऱ्यातली ६४ टक्के पिणारी माणसं उपचाराला आली. अल-अनॉनवर यात अन्याय नको, कारण पिणाऱ्याला दवाखान्यात आणणं हा त्यांचा उद्देशच नाही, ते घरच्यांना धीर देण्यासाठी आहेत. पण दुसऱ्या गटाचं बघा. दीर, मामा, सरपंच यांना बोलावून बैठक घेणं हा आपल्या गावांचा आवडता मार्ग. बहुतेक कुटुंबांनी ती बैठक शेवटी घेतलीच नाही, आणि घेतली तिथे मात्र माणूस बहुधा आला. मनाने कठोर होणं कुणालाच सोपं जात नाही, ते यावरून कळतं.

तिसऱ्या गटाने केलं ते तुमच्या घराच्या भाषेत सांगते.

ते प्यालेले असताना वाद नाही, उपदेश नाही, रडणं नाही. ताट झाकून ठेवा आणि पोरांना घेऊन बाजूला व्हा. सकाळी बरे असतील तेव्हा मात्र जवळ बसा, आवडीचं करून घाला, रानात बरोबर जा. तुम्हाला वाटेल, एवढं सगळं झालं आणि मी लाड करू? लाड नाहीत हे. न पिलेल्या तासाला घरात गोडवा आणि पिलेल्या तासाला कोरडेपणा, हा फरक त्यांना न बोलता जाणवायला हवा. सध्या बहुतेक घरांत उलटं असतं. रात्री सगळे त्यांच्याभोवती, आणि सकाळी सगळे तोंड फिरवून.

पिण्याचे परिणाम झाकू नका. मुकादमाचा फोन आला की 'त्यांना ताप आहे' असं तुम्ही सांगत असाल. नका सांगू. फोन त्यांच्या हातात द्या. पडवीत ओकले तर तुम्ही पहाटे उठून पुसू नका, उठल्यावर त्यांना दिसू द्या. बचत गटाच्या कर्जातून त्यांची उधारी भागवू नका. जिवाला धोका असेल तिथे हा नियम नाही. थंडीत बाहेर पडले असतील तर आत घ्यायचं, कुशीवर झोपवायचं. आणि प्यालेल्या अवस्थेत ट्रॅक्टरची किल्ली मागितली तर ती मिळता कामा नये, त्यासाठी दिरांना आधीच हाताशी धरून ठेवा. उचलून न्यायची त्यांची तयारी आहे ना, मग किल्ली लपवायला तर नक्कीच होईल.

बोलायची वेळ निवडा. ती तुम्हाला माहीत असते. पोटात दुखून डॉक्टरकडे जाऊन आले, पोरगं घाबरून रडलं, किंवा सकाळी कप हातातून सांडला आणि ते ओशाळले, ती वेळ. त्या वेळी लांबलचक नको. असं काहीतरी म्हणा: "त्या श्रावणात तुम्ही सोडायचा प्रयत्न केला होता, मी विसरले नाही. त्या रात्री झालं तो आजार होता, आणि त्याला औषध आहे असं मी विचारून आले आहे. दवाखान्यात तसं होऊ देत नाहीत. सोमवारी जाऊ, मी बरोबर येते." इतकंच. त्यांनी हो म्हटलं तर सोमवारची सोय आधीच झालेली हवी. 'बघू पुढच्या आठवड्यात' म्हणायला जागा राहिली की हो चं नाही व्हायला एक संध्याकाळ पुरते. नाही म्हणाले तर भांडू नका, परत वेळ येईल. त्या अभ्यासातल्या घरांनाही हे काही पहिल्याच फटक्यात जमलं नव्हतं.

सोमवारी जायचं कुठे? सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग असतो, तिथे आधी तुम्ही एकट्या जाऊन चौकशी करून या. पेशंटशिवाय आलात म्हणून कोणी हाकलणार नाही. शेजारच्या साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' आहे. पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' आहे. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या लाटेत पोरं वाया जाताना बघून अनिता आणि अनिल अवचटांनी ते १९८६ मध्ये काढलं. पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी त्यामागे होती. तिथे पेशंटच्या बायकांचा 'सहचरी' नावाचा गट आहे. आधी फोनवर बोलावंसं वाटलं तर व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६ आहे, आणि मन फारच थकलं असेल तर टेलिमानसचा १४४१६. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत.

दवाखान्यातल्या आठवड्याने दारू शरीरातून जाते, सवय जात नाही. पुढची वाट महिन्यांची असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखी औषधं आहेत, डायसल्फिरामचा विचारही तेव्हाच करायचा. बरोबर समुपदेशन, आणि जमलं तर एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या मंडळाच्या मीटिंगा. एए देवाधर्माचं आहे म्हणून कोणी नाकं मुरडतात, पण २०२० साली २७ अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत ते इतर मानसोपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरसही निघालं. फुकट आहे, आणि तिथे त्यांना हात थरथरण्याची लाज वाटणार नाही, कारण समोरच्यांचेही कधीकाळी थरथरत होते. मधे एखादी स्लिप होईल. झाली तर 'सगळं मुसळ केरात' म्हणू नका. दोन दिवसांत परत डॉक्टरांकडे, बस.

एक गोष्ट दिरांसाठीही. क्वार्टर चटकन आणून देता आली म्हणजे तेही घेत असणार, असा माझा अंदाज. चुकला तर माफी असावी. पण ज्यांचं पिणं वाढतंय आणि अजून तुमच्या मालकांइतकं झालेलं नाही, अशांसाठी गोव्यात 'संगथ' संस्थेने चांगलं काम केलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी काही भेटींत बोलायचं, एवढाच उपचार. ३७७ पुरुषांवरचा हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण आपल्याकडच्या माणसांवर, आपल्याकडच्या सरकारी केंद्रांत तपासलेला आहे. मालकांना मात्र एवढं पुरणार नाही. त्यांना डॉक्टर लागणारच.

आणि आपलंच घर असं आहे असं वाटून खचू नका. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारूच्या पुरत्या आहारी गेलेले २.९ कोटी लोक निघाले, आणि त्यांतल्या ३८ जणांमागे एकाला काही ना काही उपचार मिळालेला. बाकीच्या ३७ घरांत कुणाच्या फडताळात डबी असेल, कुणाच्या दाराला गाडी लागली असेल.

तुम्ही पत्रात मारहाणीचा उल्लेख केलेला नाही. तसं काही असेल, तर वर लिहिलेलं सगळं नंतर, तुमचा आणि पोरांचा जीव आधी. १८१ हा महिलांचा क्रमांक, ११२ तातडीचा. कागदपत्रं, थोडे पैसे आणि जवळच्या एका घराचा आसरा तयार ठेवा.

पोराला दुकानात पाठवणं मात्र आजपासून बंद. यावर चर्चा नको. महाराष्ट्रात कडक दारू घ्यायला कायद्याने २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि हा नववीतला. मालक सकाळी बरे असताना त्यांनाच सांगा: "तुमची तुम्ही आणा, मी अडवणार नाही, पण तो जाणार नाही." पोराला एकट्याला जवळ घेऊन त्या रात्रीबद्दलही सांगा. बापाला भूत लागलं होतं असंच अजून त्याच्या डोक्यात असेल. सासूबाईंवर डबीचा राग काढू नका. २,८०० रुपये त्यांनी कुठून जमवले असतील ते बघा. सोमवारी त्यांनाही बरोबर न्या आणि डबी डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनाच ठेवू द्या.

राहिली तुमची मिस्री. 'फक्त' म्हणालात, पण मिस्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तिचंही व्यसन लागतं. एक दिवस सकाळी लावू नका आणि दुपारपर्यंत डोकं कसं होतं ते बघा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या साधारण सहातली एक बाई बिनधुराची तंबाखू वापरताना आढळली, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही. मिस्री सोडताना दारूसारखा जिवाला धोका नसतो. चिडचिड होते, डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, आणि हे दोन-चार आठवड्यांत ओसरतं. मदतीला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्याचा फुकट क्रमांक आहे. सिव्हिलला जाणारच आहात, तर दातांच्या ओपीडीत तोंड दाखवून या. हिरडीवर किंवा गालाच्या आत पांढरा-तांबडा चट्टा असेल, तिखट झोंबत असेल किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर हेही डॉक्टरांना सांगा.